साळिंदर झाडावर चढतं का? आणि काटे फेकून मारतं हे खरं का?

चढतं, पण आपल्याकडचं नव्हे. आपलं साळिंदर बिळात राहतं आणि रात्री कंदमुळं उकरतं. झाडावरची साळिंदरं अमेरिका खंडांतली. कॅनडा-अमेरिकेतल्या उत्तर अमेरिकी साळिंदराबद्दल सांगतो.

काटे फेकतो ही निव्वळ थाप. शेपटीचा फटका बसला की काटे समोरच्याच्या अंगात घुसून राहतात, एवढंच. टोकाला बारीक उलटे आकडे असतात, त्यामुळे उपसताना जीव जातो. एकूण काटे साधारण 30,000.

हिवाळ्यात हा गडी पाइन, हेमलॉकसारख्या झाडांवर मुक्काम ठोकतो, साल सोलून आतला मऊ थर आणि सुयांसारखी पानं खातो. चढताना वाकडी नखं सालीत रुतवायची आणि शेपटीखालचे राठ केस खोडाला टेकवून आधार घ्यायचा. तरी कोवळ्या शेंड्याची हाव नडते, तो पडतो आणि कधी स्वतःचेच काटे टोचून घेतो! काट्यांवर जंतूंना रोखणाऱ्या मेदाम्लांचा लेप असतो, बहुधा म्हणूनच निभावतं.

दुसरं वेड मिठाचं. पाल्यात सोडियम अगदी कमी, म्हणून घामाने खारट झालेले कुऱ्हाडीचे दांडे, वल्ही, प्लायवूड, काहीही कुरतडतो. रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ चाटायला येतो आणि गाडीखाली सापडतो.

पिल्लू एका वेळी एकच, तेही सुमारे सात महिन्यांच्या गर्भारपणानंतर. जन्मतः काटे मऊ असतात, तासाभरात कडक होतात.

शेपटीने फांदीला विळखा घालणारं साळिंदर हवं असेल, तर ते दक्षिण अमेरिकेत.