तुझ्या वहीतला तिसरा गोल

बाळा,

काल विश्रामबागला चहाच्या गाड्यावर तू वहीचं मागचं पान उघडून दाखवलंस, आजोबांच्या नावाभोवती गोल, काकांच्या नावाभोवती गोल, आणि तुझ्या नावाभोवती पेन्सिलीनं काढून परत खोडलेला, आणि म्हणालास सर, आत्महत्या आमच्या रक्तातच आहे. चारचौघं होते म्हणून मी तिथं नीट बोललो नाही, पण तो खोडलेला गोल रात्रभर डोळ्यासमोरून हलला नाही म्हणून लिहितोय.

रक्तात काहीच नसतं असं खोटं नाही सांगणार. डेन्मार्कमधला १९७९ चा अभ्यास आहे, दत्तक गेलेल्या आणि पुढं आत्महत्या केलेल्या ५७ जणांच्या नात्यातल्यांची माहिती काढली होती. जन्माच्या नात्यातले २६९, त्यातले १२ आत्महत्येनं गेलेले, आणि तुलनेला घेतलेल्या दुसऱ्या दत्तकांच्या नात्यात २६९ मध्ये २. म्हणजे एका घरात न वाढताही काहीतरी खाली येतं हे खरं. पण तुझं गणित चांगलंय ना, मग वजाबाकी कर की! २५७ जण तसे गेले नाहीत, रक्त तेच असून.

आणि तू ते ३० ते ५० टक्के आनुवंशिक म्हणून वाचलंस, त्याचा अर्थ तुझा धोका तेवढे टक्के असा अजिबात होत नाही रे. माणसामाणसात जो फरक दिसतो त्यातला किती वाटा जीन्सचा, एवढंच तो आकडा सांगतो, एकट्या तुझ्याबद्दल काही सांगत नाही. असा एकच जीनही नाही, त्यामुळं कुठल्या टेस्टवर पैसे घालू नकोस.

उतरतं काय, तर डिप्रेशन किंवा बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार पडतं तो आजार) होण्याची शक्यता, रागाच्या भरात टोकाला जाणं, टेन्शन अंगात मुरून राहणं, असलं सगळं. आणि यावर औषधं आहेत, डॉक्टर आहेत. माझ्या थोरल्या बहिणीला २२ वर्षं लिथियम चालू आहे, देवघराशेजारी गोळ्यांचा डबा, ठरल्या दिवशी रक्त तपासायचं, चुकलं तर मी ओरडतो. मूडच्या आजारात लिथियमनं आत्महत्येचा धोका कमी होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आमच्या वडिलांच्या वेळी घरात कुणी विचारलंच नाही, झोप का येत नाही म्हणून सुद्धा नाही, ते मला अजून टोचतं.

म्हणून तुला सरळच विचारतो, मरावंसं वाटतं का? कधीपासून? हो असेल तर आज रात्रीच फोन कर मला, कितीही वाजू देत, आणि मी नाही उचलला तर १४४१६ लाव, सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आईलाही सांग, तिच्यापासून लपवू नकोस.

नसेल तरी शुक्रवारी मिरजेला डॉक्टरकडं जायचंच. नऊला सांगली स्टँडवर थांबतो. ती वही आण, मागचं पान फाडू नकोस, घरात कुणाला काय झालं होतं हे डॉक्टर पहिलं विचारतात.

तुझे सर