‘हक्क’ की ‘अधिकार’, ‘जबाबदारी’ की ‘कर्तव्य’?

पंचवटीतील एका शाळेच्या विद्यार्थी प्रतिनिधीने विचारले आहे : मुख्याध्यापिका, दोन शिक्षक आणि आम्ही सात विद्यार्थी मिळून शाळेची एक सनद तयार करीत आहोत. आमच्या मसुद्याचे शीर्षक ‘विद्यार्थ्यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या’ असे होते. कार्यालयातून टाइप होऊन आले ते ‘विद्यार्थ्यांचे अधिकार व कर्तव्ये’ असे. यांत काही फरक आहे का?

फरक आहे, आणि तुमचेच शीर्षक कायम ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे.

‘हक्क’ हा मूळचा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि पुरता रुळला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत वतनदाराच्या ‘हक्कलाजिम्यां’चा उल्लेख येतो, तो त्याला रिवाजाने मिळायलाच हव्या असलेल्या उत्पन्नाचा आणि मानपानाचा. ‘हक्काची रजा’, ‘हक्काचे घर’ या प्रयोगांत आजही हाच अर्थ आहे. ‘अधिकार’ या संस्कृत शब्दाला मराठीत पद, सत्ता आणि पात्रता यांच्या छटा आहेत. अधिकार सोपवतात, गाजवतात, काढूनही घेतात, आणि ‘अधिकारी’ त्यातूनच येतो. हक्क मात्र कोणी सोपवीत नाही. तो सांगितला जातो, आणि डावलला तर त्यासाठी लढावे लागते. तुमच्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो प्रवेशाच्या हक्कासाठी.

व्यवहारात सरमिसळ होते, हे खरे. २००५ च्या कायद्यामुळे ‘माहितीचा अधिकार’ रूढ झाला, तर महाराष्ट्राच्या २०१५ च्या कायद्याच्या नावात ‘लोकसेवा हक्क’ आहे. संविधानाच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ आणि हिंदी पाठात ‘मूल अधिकार’ आहे. कार्यालयातील बदल हिंदीच्या सवयीने झाला असावा, असे मला वाटते.

तुम्ही पाठवलेल्या मसुद्यातील एक वाक्य मात्र अवश्य बदला : ‘मारहाण न होण्याचा अधिकार शाळा विद्यार्थ्यांना देत आहे.’ शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नेच शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. शाळेने द्यायचे त्यात काही उरत नाही. ‘कोणत्याही विद्यार्थ्याला मारहाण होणार नाही’ एवढे पुरे. याउलट ‘बैठक बोलावण्याचा अधिकार वर्गप्रतिनिधीला राहील’ हे वाक्य अगदी योग्य आहे, कारण तिथे तुम्ही सगळे मिळून एकाला सत्ता सोपवीत आहात.

आता ‘जबाबदारी’. जबाब देण्यास जो बांधील, तो जबाबदार. संविधानात १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने ‘मूलभूत कर्तव्ये’ आली, त्यामुळे तो शब्द चुकीचा म्हणता येणार नाही; पण कर्तव्य आपल्या मनाशीही राहू शकते, तर जबाबदारी म्हटली की जबाब कोणाला द्यायचा हा प्रश्न येतोच. ‘प्रयोगशाळेतील साहित्य जपण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांची राहील’ असे लिहिलेत, तर पुढे ‘तुटफूट झाल्यास त्याच दिवशी विज्ञान शिक्षकांना कळवावे’ हेही लिहा. शिवाय शाळेच्या जबाबदाऱ्याही याच शीर्षकाखाली याव्यात; स्वच्छतागृहात पाणी नसेल तर जबाब कोण देणार, हे मुख्याध्यापिकांशी बोलून ठरवा आणि नोंदवा.

टाइप करताना ‘जबाबदार्या’ होऊ देऊ नका. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘जबाबदाऱ्या’ हे रूप दुसऱ्या पद्धतीचे आहे.