वाचकांचे प्रश्न : टोर्नेडोच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं?

प्रश्न : अमेरिकेत टोर्नेडोचा पाठलाग करणारे लोक वादळाच्या इतक्या जवळ जातात, तरी बहुतेक जण सुखरूप परततात. ते नेमके कुठे उभे राहतात?

उत्तर : बहुतेक वेळा वादळाच्या आग्नेयेला. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससच्या मैदानांत एप्रिल ते जून हा ऐन हंगाम. तिथले मोठे टोर्नेडो सुपरसेल वादळातून निघतात, म्हणजे ज्यात वर चढणारा हवेचा झोत स्वतःभोवती फिरत असतो. असं वादळ साधारणपणे ईशान्येकडे सरकतं. मुसळधार पाऊस आणि गारा झोताच्या उत्तर-ईशान्येला कोसळतात, तर टोर्नेडो पावसाच्या नैर्ऋत्य टोकाशी, ढगाच्या कोरड्या काळ्या तळाखाली उतरतो. या तळापासून ३ ते ५ किलोमीटर आग्नेयेला थांबलं की तो स्वच्छ दिसतो, आणि वादळात ओढली जाणारी दमट, उबदार हवा पाठीवर लागते.

पण त्याही आधी ठरवायचा तो निघण्याचा रस्ता. तो दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे जाणारा आणि डांबरी हवा. कच्च्या रस्त्याचा पावसात चिखल होतो आणि गाडी नेमकी नको तेव्हा रुतते. पुढे नदी असेल तर पूल कुठे आहे, हे नकाशात आधीच पाहून ठेवायचं. गाडीचं तोंड त्याच दिशेला करून ठेवायचं. ऐनवेळी गाडी वळवायला जागा मिळत नाही, कारण मागे इतरांच्या गाड्यांची रांग असते.

नवखे फसतात ते रडारमुळे. पडद्यावरचं चित्र काही मिनिटं जुनं असतं. ताशी ६० किलोमीटरने सरकणारं वादळ ५ मिनिटांत ५ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. दुसरी चूक म्हणजे उत्तरेकडून पाऊस-गारांचा पडदा फोडून आत शिरणं. काचा फुटतात ते वेगळंच, पण पडद्याबाहेर पडल्यावर टोर्नेडो समोरच उभा असू शकतो.

एक खूण लक्षात ठेवा. टोर्नेडो डावीकडे-उजवीकडे न सरकता नुसता मोठा होताना दिसला, तर तो तुमच्याकडेच येतोय.

प्रश्न : मग एल रेनोच्या टोर्नेडोत पाठलाग करणारे मुरलेले लोक कसे दगावले?

उत्तर : ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा मृत्यू झाला. समारास हे धाडसासाठी धावणारे नव्हते. टोर्नेडोच्या वाटेत जमिनीलगत ठेवायचा बसका, शंकूच्या आकाराचा मापक त्यांनी बनवला होता. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ त्याने हवेचा दाब १०० हेक्टोपास्कलने घसरल्याची नोंद केली.

एल रेनोचा टोर्नेडो आधी आग्नेयेकडे चालला होता. मग तो ईशान्येकडे वळला, वेग वाढला, रुंदी ४.२ किलोमीटरवर गेली. भोवती पाऊस असल्याने त्याची कड दिसत नव्हती आणि आत लहान, अतिवेगवान भोवरे फिरत होते. म्हणजे नेहमीचं सुरक्षित अंतरच टोर्नेडोच्या पोटात गेलं. गाडीवर बसवलेल्या फिरत्या रडारने ताशी सुमारे ४८० किलोमीटरचे वारे मोजले, तरी अधिकृत श्रेणी ईएफ-३च राहिली (ईएफ ही टोर्नेडोची ० ते ५ अशी मोजपट्टी), कारण ही श्रेणी पडझडीवरून ठरते आणि तिथे बहुतेक उघडी शेतं होती. श्रेणीवरून जोर ओळखू नये तो यासाठी.

प्रश्न : रस्त्यात सापडलो तर उड्डाणपुलाखाली थांबावं का?

उत्तर : अजिबात नाही. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेली माणसं दगावली. पुलाखालच्या अरुंद जागेतून वारा आणखी जोरात घुसतो आणि उडणारे पत्रे, लाकडं तिथेच येऊन आदळतात. अंतर असेल तर टोर्नेडोच्या वाटेशी काटकोनात गाडी काढा. नसेल तर पक्क्या इमारतीचं तळघर किंवा खिडकी नसलेली आतली खोली गाठा. तेही शक्य नसेल तर सीटबेल्ट लावून डोकं खिडकीच्या खाली घ्या आणि हातांनी किंवा जाड कापडाने झाका. रस्त्यापेक्षा बराच खोल चर शेजारीच असेल तर त्यात पालथं पडून डोकं झाकणंही चालतं, फक्त त्यात पाणी चढत नाही ना ते पाहा.