बाल्कनीचे पैसे घेतले, केबिन दिली बिनखिडकीची

प्रश्न : आम्ही नाशिकचे. लग्नाला दोन वर्षं झाली, पण हनिमून राहूनच गेला होता. म्हणून गेल्या नोव्हेंबरात बार्सिलोना ते मायामी अशी चौदा रात्रींची क्रूझ केली. विमान, व्हिसाचं काम आणि बाल्कनी केबिन मिळून ६ लाख ८० हजार रुपये इथल्याच एका ट्रॅव्हल एजंटला एनईएफटीने भरले. बार्सिलोनाच्या धक्क्यावर चेक-इन करताना कळलं की आमच्या नावावर इनसाइड केबिन आहे. फोन केला तर एजंट म्हणाला, "कंपनीने ऐनवेळी बदलली, आल्यावर बघू." पुढे जोरदार वाऱ्यामुळे फुंशाल बंदर गाळलं. मग पत्नीला उलट्या-जुलाब सुरू झाले, तिला दोन दिवस केबिनबाहेर पडू दिलं नाही आणि जहाजावरच्या दवाखान्याचे १,१४० डॉलर कार्डातून कापले. २४ तासांत कळवलं नाही म्हणून विमा कंपनीने क्लेम नाकारला. आता एजंट म्हणतो, क्रूझ कंपनीच्या अटी तुम्ही मान्य केल्यात, मायामीच्या कोर्टात जा. नाहीतर पुढच्या टूरसाठी २५ हजारांचं व्हाउचर घ्या आणि तक्रार मिटल्याचं लिहून द्या. नाशिकमध्ये दाद मागता येईल का? पोलिसांत जावं का? सगळं मिळून २५ लाख मागायचा विचार आहे.

उत्तर : आधी एक काम करा. व्हाउचर घेऊ नका आणि कसलंही लिहून देऊ नका. "माझी काही तक्रार उरलेली नाही" अशा एका ओळीवर सही गेली, की पुढची सगळी मेहनत ती ओळ खोडून काढण्यातच जाते.

तुम्ही पाठवलेल्या गठ्ठ्यात माझ्या मते कामाचे कागद दोनच. एक, एजंटची जूनमधली पावती. तिच्यावर 'बाल्कनी, २ व्यक्ती' असं स्वच्छ लिहिलंय. दुसरा, क्रूझ कंपनीचं बुकिंग कन्फर्मेशन, जे तुम्ही चेक-इनच्या काउंटरवरून मागून घेतलंत. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेखही केलेला नाही, पण त्याच्या उजव्या कोपऱ्यात बुकिंगची तारीख आहे ११ ऑगस्ट आणि खाली केबिनचा प्रकार 'इनसाइड गॅरंटी'. क्रूझच्या धंद्यात गॅरंटी म्हणजे केबिनचा नंबर कंपनी नंतर देणार, पण ठरलेल्या प्रकाराहून खालचा देणार नाही. म्हणजे ऑगस्टमध्येच, जहाज सुटायच्या तीन महिने आधी, तुमच्यासाठी बिनखिडकीची केबिन घेतली गेली होती. 'ऐनवेळी बदलली' ही गोष्ट त्या कागदासमोर टिकत नाही. क्रूझ कंपनीने जे विकलं ते दिलं. खोट आहे ती नाशिकच्या दुकानात.

एवढं लक्षात आलं की मायामीचा बागुलबुवा आपोआप लहान होतो. तरी तो कुठून आला ते सांगते, कारण एजंट अगदीच हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या शूट दांपत्याने गावच्या एजंटकडून क्रूझ घेतली होती. लॉस एंजेलिसहून मेक्सिकोच्या वाटेवर जहाजाचं स्वयंपाकघर बघताना श्रीमती शूट घसरून पडल्या. दावा त्यांनी घरच्या राज्यात लावला, पण तिकिटावर बारीक अक्षरांत फ्लोरिडातल्या कोर्टाची अट होती. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट उचलून धरली. तेव्हापासून क्रूझ कंपन्या ही अट हक्काने छापतात, आणि त्यांच्याशी तिथे भांडायचं असेल तर ती जड जाते.

पण ती अट प्रवासी आणि क्रूझ कंपनी यांच्यातली. तुम्ही आणि एजंट यांच्यातला व्यवहार नाशिकमध्ये झाला, पैसे नाशिकमध्ये गेले, पावती नाशिकची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. सामनेवाल्याचं दुकानही तिथेच असणं हे तुमच्या बाबतीत वरचं सोनं. कलम १०० म्हणतं, हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या आड येणारा नाही. म्हणून चेक-इन करताना मोबाइलवर टिचकी मारून मान्य केलेल्या अटींच्या मागे एजंटला लपता येणार नाही.

इथे एक खाचखळगा आहे, आणि त्यात वकीलसुद्धा पडतात. रागाच्या भरात तक्रारीत 'हा करार अनुचित आहे, तो रद्द करा' अशी मागणी घालू नका. अनुचित कराराच्या तक्रारी ऐकायचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेला नाही. तो राज्य आयोगापासून वर आहे. ती एक ओळ वाचून समोरचा वकील अधिकारक्षेत्राची हरकत घेईल आणि वर्ष त्यातच जाईल. तुम्हाला करार मोडायचा नाही, पाळून घ्यायचा आहे. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढ्या दोनच गोष्टींवर राहा. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत त्रुटीच आहे, आणि ११ ऑगस्टचा कागद नोव्हेंबरपर्यंत तुमच्यापासून कोणी दडवला ते उघड आहे.

एजंटचा दुसरा बचाव ठरलेला असतो : "आम्ही फक्त मध्यस्थ." पावती त्याच्या फर्मच्या नावाची, जीएसटी त्याच्या नंबरावर, विमान-व्हिसा-क्रूझची एकच रक्कम त्याने ठरवलेली. पॅकेज त्याने स्वतः विकलंय. तरीही क्रूझ कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करून तुमच्या बुकिंगची सगळी हिस्ट्री मागवा : पहिल्यांदा काय बुक झालं, कधी, पुढे कोणी बदललं का. कंपनीला सामनेवाली करायची गरज मला दिसत नाही. परदेशी पत्त्यावर नोटीस बजावण्यात महिने जातील आणि तिच्याविरुद्ध तुमच्याकडे पुरावाही नाही.

आता जे सोडून द्यायचं ते. फुंशालचं बंदर सोडा. वारा, लाटा, बंदरातली गर्दी अशा कारणाने मार्ग बदलायचा अधिकार जवळजवळ प्रत्येक क्रूझच्या करारात असतो, आणि सुरक्षिततेसाठी कॅप्टनने घेतलेल्या निर्णयावर नाशिकचा आयोग बोट ठेवणार नाही. बंदर गाळलं की तिथला बंदर-आकार मात्र प्रवाशाला परत द्यायचा रिवाज आहे. तुमचा फोलिओ, म्हणजे जहाजावरच्या खर्चाचं बिल, पाहा, शेवटून चौथी ओळ : दोघांचे मिळून ४६.८० डॉलर जमा केलेत. मिळाले ते. विषय संपला.

पत्नीच्या आजाराबाबत तुमचा संताप समजतो. हनिमूनला निघालेल्या मुलीला खिडकी नसलेल्या खोलीत दोन दिवस ताटल्या दाराबाहेरून घ्याव्या लागल्या. पण पोटाचा संसर्ग जहाजावर झपाट्याने पसरतो आणि रोग्याला वेगळं ठेवणं हा तिथला नियम. परदेशातून अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या प्रवासी जहाजांना अशा आजारांची नोंद तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेला द्यावी लागते. ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले, तर जहाजाचं नाव संस्था आपल्या संकेतस्थळावर लावते. तुमच्या फेरीचं नाव त्यात आहे का ते जरूर बघा. असलं तरी दोष जहाजाच्या स्वयंपाकघराचा की बार्सिलोनात आदल्या रात्री खाल्लेल्याचा, हे सिद्ध करणं तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे. आजार वेगळी मागणी म्हणून लिहू नका. बाल्कनी असती तर ते दोन दिवस निदान मोकळ्या हवेत गेले असते, एवढं मानसिक त्रासाच्या परिच्छेदात एका वाक्यात येऊ द्या.

१,१४० डॉलर मात्र सोडायचे नाहीत, फक्त वाट वेगळी आहे. केवळ उशिरा कळवलं या एकाच कारणावरून खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक आहे. तुम्ही भर अटलांटिकमध्ये होतात, इंटरनेटचं पॅकेज घेतलेलं नव्हतं, आणि फोलिओवर तेही दिसतं. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला हे सगळं लेखी पाठवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही. पण हाच क्लेम ग्राहक आयोगात घातलात तर लोकपालाचं दार बंद होतं. म्हणून एजंटच्या तक्रारीत विमा कंपनीला गुंतवू नका.

२५ लाखांबद्दल स्पष्टच बोलते : काढून टाका. एजंटने मे महिन्यात व्हॉट्सअॅपवर दोन दर पाठवले होते, इनसाइड ५ लाख ३५ हजार आणि बाल्कनी ६ लाख ८० हजार. फरक १ लाख ४५ हजार. हिशेब त्याच्याच हातचा आहे. तो फरक ९ टक्के व्याजाने, मानसिक त्रासाचे ७५ हजार आणि खर्च, एवढं मागा. आकडा फुगलेला दिसला की खरी तक्रारही फुगवलेली वाटते. ते चॅट डिलीट करू नका. पूर्ण एक्सपोर्ट करा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. फोन बदलायचा असेल तर हे झाल्यावर बदला.

पोलिसांचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा आहे, आणि तुमच्या हकिकतीत त्याचा वास येतो. पण ठाण्यात 'हा दिवाणी मामला' असं ऐकवून परत पाठवतील ही शक्यता मोठी, आणि एजंटला सावध व्हायला आयता वेळ मिळेल. बुकिंग हिस्ट्री हाती येऊ द्या, मग ठरवू.

मुदत दोन वर्षांची आहे, तरी थांबू नका. स्पीड पोस्टाने, नोंदणीसह, १५ दिवसांची नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा. तुमच्या रकमेला फी २०० रुपये. तक्रारदार म्हणून दोघांची नावं घाला, शपथपत्रंही दोघांची. एजंटला कैफियत द्यायला ३० दिवस मिळतात, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे मुदत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलंय. ४६ व्या दिवशी कागद घेऊन आला तर उठून हरकत घ्या.

नोटिशीनंतर तो बहुधा ५०-६० हजारांवर येईल. फरकाची पूर्ण रक्कम रोख मिळत असेल तर व्याज आणि त्रासभरपाई सोडायला मी तुम्हाला सांगेन, त्याखाली नाही. पैसे खात्यात जमा झाल्यावरच सही करा, आणि त्या कागदात विम्याच्या क्लेमचा उल्लेख येऊ देऊ नका. पॅकेजवर त्याने वसूल केलेला टीसीएस (एजंटने ग्राहकाकडून घेऊन सरकारजमा करायचा प्राप्तिकर) तुमच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या जमा-कराच्या उताऱ्यात, दिसतोय का तेही याच आठवड्यात तपासा. तो भरलाच नसेल, तर नोटिशीत आणखी एक परिच्छेद वाढेल.