खुनी सापडतच नाही, मग ‘मेमरीज ऑफ मर्डर’चं एवढं कौतुक कशाला?

तुमचा प्रश्न रास्त आहे. ‘मेमरीज ऑफ मर्डर’ या दक्षिण कोरियन सिनेमासमोर सव्वादोन तास बसायचं आणि शेवटी आरोपी हाती लागत नाही, मग थ्रिलर म्हणून यात काय आहे? मी म्हणेन, खुनी कोण हे बाजूला ठेवा आणि डिटेक्टिव्ह पार्कच्या डोळ्यांवर लक्ष ठेवून पुन्हा बघा.

अभिनेता साँग कांग-होने केलेल्या या पार्कचा दावा असतो की माणसाच्या डोळ्यांत बघितलं की गुन्हेगार ओळखू येतो. सुरुवातीलाच साहेब त्याला समोर बसलेले दोघे दाखवतात: एक बलात्कारी, दुसरा पीडितेचा भाऊ. सांग कोण कोणता? पार्क रोखून बघतो, आपणही बघतो, आणि उत्तर न देताच सीन संपतो. सगळा सिनेमा या एका सीनमध्ये आहे. सोलहून आलेला दुसरा डिटेक्टिव्ह सिओ मात्र कागदावर विश्वास ठेवणारा. शेवटाकडे बोगद्यापाशी दोघांची अदलाबदल झालेली असते: अमेरिकेहून आलेला डीएनएचा अहवाल जुळत नाही म्हणून सिओ पिस्तूल काढतो आणि पार्क संशयिताच्या डोळ्यांत बघून कबूल करतो की त्याला काही कळत नाही.

आता भाताच्या शेतातला दुसऱ्या प्रेताचा सीन नीट बघा. कट न करता कॅमेरा पार्कच्या मागे फिरतो. पोरं प्रेताभोवती हुंदडतायत, बघे कुठूनही घुसतायत, अधिकारी बांधावरून घसरून पडतायत. मातीत बुटाचा एक ठसा मिळतो, पार्क त्याभोवती रिंगण आखतो आणि ट्रॅक्टर येऊन तो चिरडून जातो. ओरडूनही उपयोग नाही. हेच तुकडे जोडून दाखवलं असतं तर नुसता विनोद झाला असता. सलग असल्यामुळे पुरावा आपल्या डोळ्यांदेखत नासतो आणि आपल्याला काहीच करता येत नाही. या सिनेमाची नक्कल करणारे पाऊस आणि निळसर अंधार उचलतात, हे मात्र सोडून देतात.

दिग्दर्शक बोंग जून-हो हसवतो तेही हिशेबाने. कबुलीसाठी लाथा घालणारे पोलीस आधी विनोदी वाटतात, मग त्याच लाथांमुळे तपास भरकटतो. काळ लष्करी राजवटीचा. ज्या पावसाळी रात्री बंदोबस्त हवा असतो, तेव्हा फोर्स निदर्शनं मोडायला गेलेली असते.

घटना खऱ्या आहेत: दक्षिण कोरियातलं ह्वासाँग, १९८६ ते १९९१, दहा खून. २००३ मध्ये सिनेमा आला तेव्हा खुनी अज्ञातच होता, म्हणून शेवटी पार्क थेट कॅमेऱ्यात बघतो. तो खुनी थिएटरात बसलेला असू शकतो, ही कल्पना त्यामागे होती. डीएनएवरून त्याची ओळख पटली २०१९ मध्ये. तो १९९४ पासून दुसऱ्याच एका खुनासाठी तुरुंगात होता. यातल्याच एका प्रकरणात आधी एका निरपराध माणसाने सुमारे वीस वर्षं तुरुंगात काढली होती. २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं.

बघताना मूळ कोरियन आवाज आणि सबटायटल ठेवा. खुनाच्या पावसाळी रात्री रेडिओवर लागणारं ते गाणं कानावर पडायला हवं. आणि सुरुवातीला शेताकडेच्या मोरीत वाकून बघणारा पार्क आठवणीत ठेवा. शेवटी तो तिथेच परत येतो.