प्रवेशाचे मार्गदर्शन नव्याने करणाऱ्या शिक्षकास

बारावीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचे काम तुम्ही स्वीकारले आहे, तर सुरुवात महाविद्यालयांच्या याद्यांपासून न करता कागदपत्रांपासून करावी, असे मी सुचवेन. राधानगरी, गगनबावडा किंवा शाहूवाडीहून कोल्हापुरात शिकायला आलेल्या मुलांचे गुण उत्तम असतात, परंतु जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच केलेला नसल्याने ऐन प्रवेशाच्या वेळी त्यांच्या पालकांना पडताळणी समितीकडे हेलपाटे घालावे लागतात. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची (मागास प्रवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची) मुदत ३१ मार्चला संपते, हेही अनेकांच्या ध्यानात नसते. जुने प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे एवढ्यावरच ते निर्धास्त राहतात.

अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीसाठी पसंतीक्रम भरताना पहिला पर्याय विशेष विचाराने लिहून घ्यावा, कारण पहिल्याच फेरीत तो मिळाला तर ती जागा स्वीकारावी लागते आणि पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून ही प्रक्रिया चालवणाऱ्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी काय मिळाले, यावर विसंबू नये.

पुण्याचा हट्ट धरणाऱ्या पालकांशी शुल्काइतकेच राहण्या-जेवण्याच्या खर्चाविषयीही स्पष्ट बोलावे. मूलभूत विज्ञानाची आवड असलेल्या विद्यार्थ्याला १८८० पासूनचे राजाराम महाविद्यालय आणि पुढे शिवाजी विद्यापीठ हा मार्ग आवर्जून दाखवावा. निर्णय मात्र विद्यार्थ्यालाच घेऊ द्यावा आणि अर्जाचा पासवर्ड त्याच्याच वहीत राहू द्यावा.