तलवारीचं वय सांगण्यात करिअर होतं का?

प्रश्न: मी बी.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या देवघरात जुनी, सरळ, दुधारी तलवार आहे. पात्यावर धावत्या लांडग्याची खूण आहे. तिचा शोध घेता घेता हेच काम करावंसं वाटू लागलंय. यात करिअर होतं का? — एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: होतं. पण ‘तलवारतज्ज्ञ हवा’ अशी जाहिरात तुला दिसणार नाही. संग्रहालयातले अभिरक्षक (संग्रह सांभाळणारे क्युरेटर) आणि संवर्धक (जुन्या वस्तू जपणारे), लिलावगृहातले सूचिकार (वस्तूंची वर्णनसूची करणारे) ही माणसं हे काम करतात.

लांडग्याची खूण मूळची जर्मनीतल्या पासाऊची. पुढे जर्मनीतल्याच सोलिंगेन गावच्या कारागिरांनी ती उचलली, नकलाही भरपूर झाल्या. त्यामुळे नुसत्या खुणेवरून काळ ठरवू नकोस. दहापट भिंग घे, उजेड तिरका पाड आणि रेघांच्या कडा बघ. गंजाचे खड्डे रेघांमध्येही उतरले असतील तर खूण जुनी असण्याची शक्यता जास्त. खड्डे कापून रेघ ताजी गेली असेल तर ती मागाहून कोरलेली.

युरोपी पात्याला आपल्याकडची मूठ चढवली की ती फिरंग. मूठ लाखेसारख्या चिकट द्रव्याने बसवतात, ती पुढे बदललेलीही असू शकते. म्हणून पातं आणि मूठ यांच्या नोंदी वेगळ्या ठेव. पात्याची जाडी मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाजवळ मोज. चांगलं जुनं पातं टोकाकडे पातळ होत जातं. शोभेसाठी पत्रा कापून केलेलं बहुधा सगळीकडे सारखंच जाड निघतं.

आणि घरी आधी सांग: खंडेनवमीला लिंबू-राखेने घासणं बंद. त्यात जुना काळसर थर जातो, पोलादाच्या खुणा पुसट होतात आणि वय सांगणारा पुरावाच हरवतो. कोरड्या सुती कापडाने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात पुरे. हळद-कुंकू पात्यावर न वाहता शेजारी ताम्हनात वाहा. हळद-कुंकवातल्या ओलीने पातं गंजतं.

शिक्षणाचं म्हणशील तर पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व किंवा बडोद्याच्या विद्यापीठात संग्रहालयशास्त्र. सोबत मोडी शीक, जमल्यास फारसीही. पात्यावरचं हिजरी साल इसवी समजून वाचणं ही नवख्यांची नेहमीची चूक: हिजरी 1100 म्हणजे इसवी 1688-89.

1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी तलवार खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. घेणारा कितीही गोड बोलला तरी हे घरच्यांच्या कानावर घाल.